अंजिराच्या बागेतली लेक

एका खोऱ्यात अंजिरांची एक बाग होती. दोन्ही बाजूंना डोंगर, मधून वाहणारा लहानसा ओढा आणि ओढ्याच्या काठाने झाडंच झाडं. बागेच्या मालकाचं नाव शांतवन आणि त्याच्या बायकोचं नाव सालोमी. दोघंही ख्रिस्ती. रविवारी सकाळी टेकडीवरच्या दगडी देवळाची घंटा वाजली, की धुतलेले कपडे घालून दोघं चढण चढायची आणि उपासनेला पहिल्या बाकावर जाऊन बसायची. घरात कशाची कमी नव्हती. फक्त लेकरू नव्हतं.

एका वर्षी अंजिरं उतरवायला मजुरांची टोळी आली. त्या टोळीत एकटीच मजुरीला आलेली एक मुलगी होती, नाव नकुशी. घरात मुलींवर मुली झाल्या, तेव्हा आता तरी मुलगी नको म्हणून आईबापांनी हिचं नावच तसं ठेवलं होतं. हंगाम संपत आला आणि नकुशीला ताप भरला. टोळीच्या मुकादमाने थोडी वाट पाहिली. मग "हिला कोण उचलून नेणार," असं म्हणून तिला पडवीत निजलेलीच सोडून तो टोळी घेऊन पुढच्या गावाला गेला.

सालोमीने तिला घरात घेतलं, पेज पाजली, कपाळावर ओल्या घड्या ठेवल्या. ताप उतरल्याबरोबर नकुशी भिंतीला धरून उभी राहिली आणि झाडू शोधू लागली.

"अगं, अजून पायात जीव नाही तुझ्या," सालोमी म्हणाली.

"काम केल्याशिवाय जेवू कशी?" नकुशी म्हणाली.

ती तिथेच राहिली. संध्याकाळी शांतवन आणि सालोमी ओसरीवर बसून प्रार्थना करायची, प्रभू येशूच्या गोष्टी सांगायची, तेव्हा ती खांबाआड बसून ऐकायची. एकदा तिने हळूच विचारलं, "हा देव मुलींनाही घेतो का?"

"घेतो म्हणजे? वाट बघत असतो," सालोमी म्हणाली.

पुढच्या उन्हाळ्यात नकुशीने बाप्तिस्मा घेतला. त्याच दिवशी देवळात सगळ्या मंडळीसमोर शांतवन उभा राहिला. बोलायची सवय नसलेला माणूस, त्याचा आवाज थरथरत होता. तो म्हणाला, "ही आजपासून माझी लेक. माझं जे काही आहे ते हिचं आहे. मी मेल्यावर नाही, आजपासून." मग देवळाच्या पाळकांनी तिला नवं नाव दिलं, आवडी. सालोमीने गावभर लाडू वाटले. ओढ्याकडे खिडकी असलेली खोली झाडून पुसून तिथे आवडीसाठी नवी गादी घातली.

पण त्या रात्री आवडी निजली ती शेळ्यांशेजारी पडवीतच.

नाव बदललं तरी जुनं नाव अंगातून जात नव्हतं. लहानपणापासून ती एकच गोष्ट शिकली होती. जितकं कमी घ्यावं, तितके जास्त दिवस लोक आपल्याला राहू देतात. म्हणून ती सगळ्यांच्या आधी उठायची आणि सगळ्यांच्या नंतर जेवायची, तेही चुलीपाशी, पातेल्याच्या तळाचं खरवडून. "मालक, पाणी पिऊ का?" "मालकीणबाई, जरा बसू का?" असं तिचं दिवसभर चाले. बागेत अंजिरं पिकून मधासारखी होत, पण ही खायची ती खाली पडलेली, पाखरांनी चोच मारलेली. शांतवन मुद्दाम सगळ्यात टपोरं अंजीर निवडून तिच्या ताटात ठेवायचा. ती ते पदराला बांधायची आणि गुपचूप विक्रीच्या टोपलीत नेऊन टाकायची.

बागेत गेनू नावाचा जुना गडी होता. तो म्हणायचा, "ही लेक झाल्यापासून माझंपण काम हीच करते. मला काय, बरंच आहे."

आणि देवळात? शांतवन-सालोमी पहिल्या बाकावर बसत, आवडी दाराशी, चपलांजवळ. बाकीची मंडळी डोळे मिटून "हे आमच्या बापा" म्हणत. आवडी मनात म्हणे, "हे मालका, मला काही नको. फक्त हाकलून देऊ नकोस."

एके संध्याकाळी शांतवन बायकोला म्हणाला, "आपलं काय चुकतंय गं? मी हिला घर दिलं आणि ही उंबऱ्यावर बसून आहे. बाप म्हणून मला ही एक हाकसुद्धा मारत नाही."

सालोमी डाळ निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "आपण तरी कुठे वेगळे आहोत? प्रभूने शांती दिली, असं दर रविवारी गातो. आणि आभाळात ढग दिसला की तुम्ही बागेच्या काळजीने रात्रभर झोपत नाही. त्याने क्षमा केली म्हणतो, आणि मी अजून धाकट्या जावेशी केलेलं भांडण उगाळत बसते. देणाऱ्याने दिलंय हो. घ्यायला आपल्यालाच जड जातं."

शांतवन हसला. "मग त्यालाही माझ्याएवढंच वाईट वाटत असेल?"

"जास्त," सालोमी म्हणाली.

काही महिन्यांनी घाटापलीकडच्या गावात ख्रिस्ती मंडळींचा मोठा मेळावा भरला. दोघंही जायला निघाली. बैलगाडीत बसताना शांतवन म्हणाला, "आवडे, घर बघशील ना?"

"बघेन मालक. कशाला हात लावणार नाही. जसंच्या तसं राहील सगळं."

"लाव की गं थोडा हात," शांतवन म्हणाला आणि गाडी हलली.

आवडीने शब्द पाळला. घर झाडलं, शेळ्यांना पाला घातला, कोठीचं दार पुढे ओढून घेतलं. कोठीला कुलूप कधीच नसायचं, पण तिने आत पाऊलसुद्धा टाकलं नाही. स्वतःसाठी ती भाकरी आणि मीठ एवढंच घ्यायची.

ओढ्याच्या खालच्या अंगाला बुरुडांची वस्ती होती. बांबूच्या टोपल्या विणणारी माणसं. बागेतली अंजिरं त्यांच्याच टोपल्यांतून बाजारात जात. एका दुपारी वस्तीवर धुराचा लोट उठला. कुणाच्या तरी चुलीतली ठिणगी वाळल्या बांबूंच्या ढिगावर पडली होती. उन्हाळ्याचे दिवस, वरून वारा. बघता बघता झोपड्या, विणलेला माल, कपडे, धान्य, सगळ्याची राख झाली. माणसं तेवढी बाहेर पडली.

दिवस कलायला लागला तेव्हा ती माणसं चढ चढून बागेच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. तोंडं काळवंडलेली, अंगावरच्या कपड्यांना भोकं पडलेली. सगळ्यांच्या पुढे वस्तीतली एक म्हातारी होती आणि तिच्या कडेवर एक लहान नात. नातीचा हात कोपरापर्यंत भाजला होता. ती रडत नव्हती, नुसती टक लावून बघत होती.

गेनू फाटकाला पाठ लावून उभा राहिला. "मालक घाटापलीकडे गेलेत. ते आल्याशिवाय काही होणार नाही," तो म्हणाला.

आवडी धावत आली. तिच्या तोंडूनही तेच निघालं, "मालक घरी नाहीत, आजी."

म्हातारीने तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "मग तू कोण या घरची?"



मोलकरीण, असं म्हणणं सोपं होतं. मोलकरणीला देण्यासारखं काही नसतं, त्यामुळे तिला कुणी दोषही देत नाही. हात जोडायचे, वाईट वाटलं म्हणायचं आणि फाटक लावून घ्यायचं. पण आवडीच्या डोळ्यांपुढे देवळात उभा राहिलेला, थरथरत्या आवाजात बोलणारा शांतवन आला. माझं जे काही आहे ते हिचं आहे, असं त्याने सगळ्या गावासमोर सांगितलं होतं. आज आपण मोलकरीण म्हणालो, तर तो खोटं बोलला असं होईल. आणि तो कधी खोटं बोलत नाही. एवढं तर तिला पक्कं ठाऊक होतं.

तिने त्या भाजलेल्या हाताकडे पाहिलं.

"मी या घरची लेक," ती म्हणाली. आवाज इतका बारीक होता की म्हातारीने "काय?" म्हणून कान पुढे केला. तेव्हा आवडीने मोठ्याने सांगितलं, "मी या घरची लेक आहे. या, आत या सगळे. गेनूकाका, बाजूला व्हा."

"मालकांनी विचारलं तर?" गेनू म्हणाला.

"तर मी सांगेन."

"हे बघ, माझ्यावर काही येता कामा नये."

"नाही येणार. तुम्ही विहिरीचं पाणी ओढा."

गेनूने आयुष्यात तिला कधी हुकूम सोडताना ऐकलं नव्हतं. तो गोंधळून पोहरा आणायला गेला.

मग जी धांदल उडाली ती विचारू नका. आवडीने आधी त्या लेकराचा हात गार पाण्यात धरून ठेवला आणि मग स्वच्छ, मऊ फडकं त्यावर सैलसं गुंडाळलं. ओसरीवर, माजघरात चटया अंथरल्या. मग ती कोठीच्या दाराशी गेली. तिथे मात्र तिचे पाय अडले. आत ज्वारीच्या कणग्या, डाळीचे डेरे, तेलाचे बुधले. हे सगळं ती रोज बाहेरून बघत आली होती. तिने डोळे मिटले. नेहमीप्रमाणे "हे मालका" असं म्हणायला गेली आणि शब्द आला, "बापा." दुसरं काही सुचलं नाही. तेवढाच एक शब्द घेऊन ती आत शिरली आणि सूप भरभरून ज्वारी बाहेर काढू लागली.

वस्तीतल्या बायांनी जात्यावर ज्वारी दळली, तीन दगडांची चूल मांडली आणि त्या पिठाच्या परातीभोवती बसल्या. कुणी भाकरी थापतंय, कुणी भाजतंय, कुणी पोरांना ओरडतंय. ज्या घरात एरवी तीन माणसांचा आवाज असायचा, तिथे आता कुणाचं कुणाला ऐकू येईना. आवडीने सालोमीच्या जुन्या लुगड्यांचं गाठोडं सोडून वाटून टाकलं.

पोरं भुकेने कासावीस झाली होती आणि भाकऱ्यांना वेळ लागत होता. आवडी टोपली घेऊन बागेत गेली. सवयीने ती खाली वाकून पडलेली अंजिरं वेचू लागली आणि मध्येच थांबली. पाहुण्यांना कुणी असलं वाढतं का? ती सरळ उभी राहिली, हात वर केला आणि फांदीवरचं जांभळट, फुटायला आलेलं अंजीर देठापासून अलगद तोडलं. मग दुसरं. मग तिसरं. टोपली भरली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण गुणगुणतोय.

पोरांनी टोपलीवर झडप घातली. भाजलेल्या हाताच्या त्या लहानगीने दुसऱ्या हाताने एक अंजीर उचललं आणि आवडीच्या तोंडाशी धरलं. "तू खा."

"मला नको गं, तू खा."

"का नको? हे तुमचंच आहे ना?"

आवडीने तोंड उघडलं. इतके दिवस ती त्या बागेत राबली होती, पण झाडावर पिकलेलं ताजं अंजीर तिने त्या दिवशी पहिल्यांदा खाल्लं. रस हनुवटीवर ओघळला. ती हसायला लागली, आणि हसता हसता तिला रडू आलं, आणि ते बघून ती लहानगी पहिल्यांदा खुदकन हसली.

पुढचे दिवस असेच गेले. मात्र जसजशी मालकांच्या परतीची वेळ जवळ आली, तसतशी आवडी पुन्हा पुन्हा कोठीत डोकावू लागली. कणग्या अर्ध्यावर आल्या होत्या. झाडं बरीचशी रिकामी झाली होती. ज्या अंजिरांचा बाजार होणार होता, ती पोरांनी फस्त केली होती. आपण लेक म्हणवून घेतलं खरं, पण शांतवनला हे असलं अभिप्रेत असेल का? जुनं नाव पुन्हा कानाशी कुजबुजू लागलं. तिने पडवीत जाऊन आपली दोन लुगडी एका फडक्यात बांधूनही ठेवली.

एके सकाळी बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. शांतवन गाडीतून उतरला आणि फाटकातच थबकला. ओसरीवर माणसं, अंगणात माणसं, दोरीवर सालोमीची लुगडी आणि विहिरीपाशी पाणी ओढून ओढून वाकलेला गेनू.

गेनू धावत पुढे आला. "मालक, मी काही केलं नाही."

"ते दिसतंच आहे," शांतवन म्हणाला. मग त्याने जवळच बसलेल्या म्हातारीला विचारलं, "आजी, तुम्हाला आत कुणी घेतलं?"

"या घरच्या लेकीने," म्हातारी म्हणाली.

"कोणी?"

"तुमच्या लेकीने. फाटकाशी उभं राहून तिने आम्हाला सांगितलं, मी या घरची लेक आहे, आत या."

शांतवन तिथेच ओट्यावर खाली बसला. डोक्याचं मुंडासं काढलं आणि त्याने डोळे पुसले. पण डोळे काही थांबेनात. "सालोमी, ऐकलंस का?" एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

आवडी खांबाआड उभी होती. सालोमी मात्र थेट कोठीत गेली होती. बाहेर आली ती कपाळाला आठ्या घालूनच.

"आवडे, इकडे ये," तिने हाक मारली.

आवडी मान खाली घालून पुढे आली.

"कोपऱ्यातली गुळाची ढेप तशीच कशी? घरात इतकी पोरं आणि गूळ फोडला नाहीस?"

आवडीने वर पाहिलं.

"आणि माझी जुनी लुगडी दिलीस ती दिलीस, पण पेटीत नवी पडलीत ना? ज्यांचं सगळं जळलं त्यांना विटकी लुगडी द्यायची होय? आणि तुपाचं मडकं? त्याचं तोंडसुद्धा उघडलेलं नाही."

"मला वाटलं..." आवडी अडखळली. "मला वाटलं, फार झालं. तुम्ही रागावाल."

"रागावलोच आहोत की," शांतवन डोळे पुसत म्हणाला. "इतकं कमी का दिलंस म्हणून."

तेव्हा आवडीला कळलं. ही माणसं तिच्याकडून काही परत मागत नव्हती, तिचा हिशेब करत नव्हती. दिलेलं घेतलं गेलं, एवढ्यानेच त्यांचा ऊर भरून आला होता. ती धावत जाऊन शांतवनच्या पायाशी बसली. त्याने तिला उठवून जवळ घेतलं.

"बाबा," ती म्हणाली. "आई, गूळ आत्ता फोडू का?"

"विचारतेस काय, फोड," सालोमी म्हणाली.

त्या दिवशी अंगणात तुपाची, गुळाची जेवणं झाली. म्हातारीने बसल्या बसल्या एक गाणं धरलं, बायांनी ते उचललं. गेनूही पोटभर जेवून टाळ्या वाजवत बसला. त्या रात्री आवडी ओढ्याकडच्या खोलीत नव्या गादीवर निजली आणि सालोमीने उठवेपर्यंत तिला जाग आली नाही.

रविवारी ती आईबापांच्या मध्ये पहिल्या बाकावर बसली. पाळकांनी झाला प्रकार ऐकला होता. ते म्हणाले, "वारसा कधी मिळतो? कुणी मेलं म्हणजे. ज्याने आपल्याला वारसा दिला तो प्रभूही आपल्यासाठी मेला. पण तो पुन्हा जिवंत उठला, आणि आता स्वतःच्या हाताने वाढायला बसलाय. त्याची शांती, त्याची क्षमा, त्याचा आनंद, देवाला बाप म्हणून हाक मारायचा हक्क, हे सगळं आपलंच आहे. घरात असून उपाशी राहू नका."

मग प्रार्थना झाली. आवडीनेही डोळे मिटले. आज तिला खूप काही मागायचं होतं. वस्तीतल्या लोकांना घरं हवी होती. लहानगीचा हात बरा व्हायला हवा होता. आणि आपल्याला म्हातारीसारखं गाता यावं, असंही तिने जाता जाता मागून घेतलं.

पावसाच्या आधी सगळ्यांनी मिळून खालच्या अंगाला नव्या झोपड्या बांधल्या. शांतवन बांबू वाहायचा, गेनू खड्डे खणायचा, आवडी बायांबरोबर भिंती लिंपायची. शेवटचं छप्पर चढलं त्या संध्याकाळी म्हातारी हात धुताना आवडीला म्हणाली, "पोरी, एक विचारू? तू जन्मली त्या घरात?"

"नाही आजी. मला तर त्या पडवीत सोडून गेले होते. यांनी घेतलं मला."

म्हातारीने ओले हात पदराला पुसले. मग म्हणाली, "आणि तो वरचा, ज्याला तुम्ही सगळे बाप म्हणता, त्याच्या घरात आणखी कुणाला जागा आहे का गं? की तुझा वाटा कमी होईल?"

आवडी हसली. "कमी कसा होईल? मलाच अजून त्या घरातल्या सगळ्या खोल्या कुठे बघून झाल्यात? रविवारी या. आपण बरोबरच बघू."

तात्पर्य एवढंच: देवाने ज्यांना लेकरं म्हणून जवळ केलं आहे, त्यांनी दाराशी उभं राहू नये. त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून आत जावं, त्याने दिलेलं आनंदाने घ्यावं आणि भरल्या हातांनी वाटावं. हा वारसा तसाच अनुभवाला येतो.